शेताचे स्थानिक नाव

भिवंडीच्या अंजूरफाट्यावरून ठाण्याकडे किंवा मानकोलीकडे निघालं की गोदामं सुरू होतात, ती संपता संपत नाहीत. राहनाळ, वळ, पूर्णा, दापोडे, काल्हेर... जिथं पावसाळ्यात भाताची आवणी चालायची तिथं आता पत्र्याच्या छपरांखाली मुंबईचा माल पडलेला असतो. वळ हे माझं गाव. इथं प्रत्येक घरात सातबाऱ्याची एक तरी फाइल आहे. कुणाला ती भाडेकरारासाठी लागते, कुणाला भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी, कुणाला मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणून आजोबा-पणजोबांपर्यंत मागं जावंच लागतं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा तर राज्यभरच्या कचेऱ्यांतले मोडी लिपीतले गठ्ठे सुटले आणि लाखो घरांत ‘वंशावळ’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द झाला.

मीही मुलीच्या दाखल्यासाठीच रेकॉर्ड रूममध्ये गेलो होतो. काम झालं. पण एका फेरफारात पणजोबांचं नाव दिसलं आणि मी नकलेमागून नकला काढत राहिलो. दीड वर्षात चांगला गठ्ठा जमला. गणपतीला आत्या माहेरी आली तेव्हा तो मी तिच्यासमोर ठेवला. आत्या पंचाहत्तरीची, चौथीपर्यंत शिकलेली, खाडीकाठच्या गावात दिलेली. मला वाटलं होतं, ती हरखून जाईल. झालं उलटंच. त्या दुपारी आमचं जे बोलणं झालं ते इथं लिहितो आहे.

आत्या : एवढे कागद! कोणाशी कोर्टकचेरी सुरू केलीस की काय?

मी : नाही गं. ही आपल्या घराची गोष्ट आहे. तू सांगायचीस ना, पणजोबा असे होते, आजोबांनी तसं केलं. त्या सगळ्याला आता पुरावा मिळाला.

आत्या : पुरावा नव्हता तोवर मी सांगत होते ते काय खोटं होतं?

मी : खोटं कसं असेल? पण सांगणारा बदलला की गोष्ट बदलते. काका एक सांगतात, तू दुसरं सांगतेस. कागद कधीही उघडला तरी तेच सांगतो. हा बघ आजचा सातबारा. नावाशेजारी आकडा आहे ना, तो फेरफार क्रमांक. हे नाव इथं कसं आलं ते त्या नंबरच्या नोंदीत सापडतं. ती फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. तिथून जुन्या, हातानं लिहिलेल्या सातबाऱ्याकडे जायचं. त्यात कमी केलेल्या नावाला कंस असतो आणि शेजारी त्याच्याही मागचा नंबर. अशी एकेक पायरी उतरत जायची.

आत्या : मग हे कॉम्प्युटरवर मिळत नाही? पोरं तर मोबाइलवर सातबारा बघतात.

मी : तो आजच्या माणसांचा. कंसातली जुनी माणसं त्यात बहुतेक गळलीत, जुन्या फेरफारांचे नुसते नंबर उरलेत. ठाणे जिल्ह्यातले जुने कागद स्कॅन करून ठेवलेत, त्यामुळे पुष्कळसं घरबसल्या शोधता येतं. पण पान फाटलेलं असेल, शाई उडालेली असेल, तर नकलेचा अर्ज करून मूळ वहीच बघावी लागते.

आत्या : बरं, हे लिहिलं कोणी?

मी : तलाठ्यानं. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

आत्या : आणि कशासाठी लिहिलं? आपल्या घराची गोष्ट पुढं राहावी म्हणून?

मी : शेतसाऱ्यासाठी. इंग्रजांनी १८३५-३६ च्या सुमाराला इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्याकडून जी मोजणीची रीत बसवली, ती पुढं सगळ्या इलाख्यात आली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, क्षेत्र, प्रत आणि आकार, म्हणजे सारा. आकार भरणाऱ्याचं नाव. १८७९ चा जमीन महसूल कायदा झाला. नंतर शेत कोणाकडे गहाण आहे, कोण कसतो, वाटणी झाली का, हेही कळायला हवं म्हणून १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा आला आणि १९१३ मध्ये तो महसूल कायद्यातच घातला. आपल्याला मिळणारे बहुतेक जुने फेरफार त्यानंतरचे.

आत्या : म्हणजे पैसे कोणाकडून घ्यायचे, एवढंच सरकारला कळायला हवं होतं. वाण्याच्या उधारीच्या वहीवरून घराची गोष्ट कळते का रे?

मी : उधारीच्या वहीवरून घरात काय शिजत होतं ते तरी कळतं, आत्या. हे ऐक. फेरफार १९१९ चा. ‘खातेदार मयत झाले. वारस मुलगे तीन, अज्ञान. सबब अ.पा.क. म्हणून आईचे नाव दाखल.’ मयत तारीख आदल्या वर्षाच्या ऑक्टोबरातली.

आत्या : मानमोडीत गेला तो.

मी : काय म्हणालीस?

आत्या : मानमोडीची साथ. आजी सांगायची. सकाळी नांगर धरला, संध्याकाळी अंगात ताप, चौथ्या दिवशी माणूस नाही. घरोघर तेच. उचलायला माणसं मिळेनात.

मी : १९१८ चा इन्फ्लुएंझा! त्या साथीत मुंबई इलाख्यात लाखो माणसं गेली. म्हणूनच या पानावर एकाखाली एक नुसत्या वारसाच्याच नोंदी आहेत. मला वाटलं होतं, तलाठ्यानं साठलेलं काम एका दिवसात उरकलं असेल.

आत्या : बघ. कागदात तारीख आहे, ताप नाही.

मी : पण तारीख तुझ्याकडे नव्हती. आणि आणखी एक गोष्ट तुझ्याकडे नव्हती. हे नाव वाच.

मी बोट ठेवलं तिथं ‘कोम’ असा शब्द होता. जुन्या कागदांत मुलाच्या आणि बापाच्या नावामध्ये ‘बिन’ किंवा ‘वलद’ येतं, बायकोच्या आणि नवऱ्याच्या नावामध्ये ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’. आडनाव बहुधा नसतंच. ‘कोम’च्या आधी आत्याच्या आजीचं नाव होतं. आत्यानं चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

आत्या : हे आजीचं नाव? आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. बाबा आय म्हणायचे. गावातले थोरल्याची आय म्हणायचे. नाव कोणी घेतलेलं मी ऐकलंच नाही.

मी : शंभर वर्षं ते या वहीत होतं.

आत्या : ते मात्र खरं. पण अ.पा.क. म्हणजे काय?

मी : अज्ञान पालनकर्ता. मुलं लहान म्हणून त्यांच्या वतीनं ती. त्या काळी विधवेला स्वतःचा हिस्सा नव्हता. तसा हक्क, तोही मर्यादित, १९३७ च्या कायद्यानंतर आला. तोवर तिचं नाव पोरांच्या वतीनंच यायचं.

आत्या : पोरं मोठी झाली की तिला कंस.

मी : हो. १९३१ च्या नोंदीत तिला कंस झाला आणि थोरल्या आजोबांचं एकट्याचं नाव लागलं. इथं मी सहा महिने अडकलो होतो. माझे आजोबा, म्हणजे तुझे बाबा, कुठंच नाहीत. मला वाटलं, थोरल्यानं धाकट्या भावांची जमीन आपल्या नावावर करून घेतली.

आत्या : तोंड सांभाळून बोल. थोरल्यानं दोघा भावांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं. तिघं एका चुलीवर जेवत होते.

मी : आता कळलं मला. त्याच्या नावापुढं तीन अक्षरं आहेत, ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. ही अक्षरं सुटली की अख्खी पिढी बेवारस होते, नाहीतर सख्खा भाऊ चोर ठरतो.

आत्या : आणि तू दीड वर्षात कोणाला विचारलं नाहीस. मी पाच कोसांवर होते.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पुढचं पान उलटलं.

मी : बरं, हे सांग. १९४४ च्या तोंडी वाटपाच्या नोंदीत तिघांच्या नावापुढं ‘०-५-४’ लिहिलंय. क्षेत्र म्हणावं तर जुळत नाही, आकार म्हणावा तरी जुळत नाही.

आत्या : पाच आणे चार पै. रुपयाचे तीन सारखे भाग कर बघू.

मी : रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. म्हणजे एकशे ब्याण्णव पै. भागिले तीन, चौसष्ट. पाच आणे चार पै!

आत्या : अख्खी जमीन म्हणजे रुपया. चौघांत चार-चार आणे, तिघांत पाच आणे चार पै. चौथीला आम्हाला हेच गणित होतं.

मी : याच पानावर आकारही रुपये-आणे-पैंत आहे आणि क्षेत्राचेही आणेच आहेत. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. त्याचे सोळा आणे. चाळीस गुंठ्यांचा एकर. आणे एकच, अर्थ तीन. पुढं हेक्टर-आर आल्यावर हे सगळं पुसलं गेलं.

आत्या : माझ्या डोक्यातून पुसलं नाही.

मी : पण आत्या, कागदानं आपल्या घरातली एक गोष्ट खोटीही पाडली. घरात सगळे म्हणतात, रस्त्यापर्यंतची सगळी जमीन बापजाद्यांची. हे बघ. एक छोटा नंबर सोडला तर बाकी सगळ्या सातबाऱ्यांवर मालक दुसराच होता. आपण इतर हक्कात होतो. ‘साधे कूळ’. १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कुळं कायद्यानं मालक झाली. मग कलम ३२ग खाली किंमत ठरली, हप्ते भरले, ३२म चं सर्टिफिकेट मिळालं. कूळकायदा १९४८ चा, पण आपल्या घरात मालकी आली ती त्या दिवसापासून.

आत्या : त्यात खोटं काय पडलं? कूळ होतो हे मला माहीत आहे. तुझ्या काकांना लाज वाटते म्हणून ते सांगत नाहीत. खंडाचं भात बैलगाडीत भरून भिवंडीत मालकाच्या घरी जायचं. मी अगदी लहान असताना गाडीवर बसून गेले आहे. बाबा ओसरीवर उभे राहायचे, बसत नसत. ज्या वर्षी भात पिकलं नाही त्या वर्षीही खंड चुकला नाही.

मी : हे आजवर कधी बोलली नाहीस.

आत्या : कोणी विचारलं? कूळ असणं कमीपणाचं नाही. जमीन कसत होतो म्हणून मिळाली. ज्यांचं नाव कुळाच्या रकान्यात चढलं नव्हतं त्यांची हातची गेली. आमच्या सासरच्या गावात दोन घरं अशी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कसली, आणि कागदात पीकपाहणीला मालकाचंच नाव. मग सांग, त्यांच्या नातवानं असा गठ्ठा आणला तर त्याला काय दिसेल?

मी : दिसेल की त्याचे आजोबा त्या शेतात कधी नव्हतेच.

आत्या : आणि आवणीला, झोडणीला आपल्याकडे येणारे कातकरी? ते कोणत्या पानावर आहेत?

मी : कुठंच नाहीत. गाव नमुना बारामध्ये पिकाचा रकाना आहे, क्षेत्राचा आहे, पाणी विहिरीचं की कालव्याचं याचाही आहे. राबणाऱ्या मजुराचा नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा, आणि वसई-भिवंडीकडच्या वेठबिगारांना सोडवण्यासाठी श्रमजीवी संघटना उभी राहिली १९८२ मध्ये. त्या माणसांच्या पिढ्या या जमिनीवर गेल्या, पण जमिनीच्या कागदात त्यांची एक ओळ नाही.

आत्या : त्यांच्या पोरांना वंशावळ काढायची असेल तर त्यांनी कुठल्या रेकॉर्ड रूमला जायचं?

मी : शाळेचा दाखला असला तर शाळेत. गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, जिथं टिकलं असेल तिथं एखादं नाव सापडतं. नाहीतर त्यांच्या म्हाताऱ्या माणसांकडे.

आत्या : माझ्या मनातलं बोललास.

मी : तरीही मी कागदाची बाजू सोडणार नाही. तुझी आठवण मानमोडीपर्यंत जाते, तीही आजीनं सांगितली म्हणून. त्यामागं काय? भिवंडीचा मुलूख १८१७ साली इंग्रजांकडे गेला. त्याआधी इथं पेशव्यांचा अंमल होता. पुण्याच्या पेशवे दप्तरात प्रांत कल्याण-भिवंडीचे रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, आहेत. मी मोडी शिकतो आहे. तिथल्या कागदांवर साल आकड्यात नसतं, अरबी शब्दांत असतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार : शुहूर सन ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. मृगाला वर्ष बदलायचं, म्हणून १७६०-६१. पानिपताचं वर्ष. जमीन बिघ्यांत असते. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा.

आत्या : आणि त्या पानिपताच्या वर्षात आपलं कोण सापडेल?

मी : एखाद्या कुळवार झाड्यात, म्हणजे कुळांच्या यादीत, नशीब असेल तर, नुसतं एक नाव. आडनावाशिवाय. ते आपलंच कशावरून, हे सांगता येणार नाही.

आत्या : अंजूरच्या नाईकांचं सांगता येतं. आजी गंगाजी नाईकांच्या गोष्टी सांगायची.

मी : वसईच्या मोहिमेत ते पुढं होते, म्हणून बखरीत आहेत. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा इथले किती नांगरधारी कामाला लागले असतील, त्यांची बखर कोणी लिहिली नाही. आपल्यासारख्यांची बखर म्हणजे हे फेरफारच. म्हणून मला त्यांचं एवढं मोल वाटतं. सरकारनं साऱ्यासाठी लिहिले असतील, पण आपल्या माणसांचं नाव शाईनं लिहिणारं त्या काळात दुसरं कोण होतं?

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग तिनं गठ्ठ्याच्या वरच्या बाजूला हात घातला. तिथं अलीकडचे कागद होते.

आत्या : यात माझं नाव आहे का?

मी : आहे. आजोबा गेले तेव्हा वारसाच्या नोंदीत काका, बाबा, तू आणि धाकटी आत्या, चौघं आहात. १९५६ च्या वारसा कायद्यानं मुलीही बापाच्या हिश्शाच्या वारस झाल्या होत्या. त्यानंतर चौदा महिन्यांनी...

आत्या : मला कंस.

मी : हक्कसोडपत्र. रजिस्टर केलेलं. ‘नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला, राजीखुशीने.’ खाली तुझी सही.

आत्या : सही माझीच. भावांनी नेलं, मी गेले. वाचून कोणी दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. माहेर तुटू नये एवढंच डोक्यात. राजी होते. खुशीचं कोणी विचारलं नाही.

मी : आता कायदा बदलला आहे. १९९४ ला महाराष्ट्रात, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. २००५ ला देशात सगळ्याच मुलींना. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ ला वडील हयात असोत वा नसोत, हक्क आहेच.

आत्या : माझी सही त्याच्या आधीची. आणि मी जमीन मागायला आले नाही. मी एवढंच म्हणते की तुझा कागद इथं खरं सांगत नाही. पुढं तुझा नातू वाचेल आणि म्हणेल, या बाईला काही नको होतं.

मी : कायदाही असंच म्हणतो, की नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. त्याचबरोबर कोर्टं वर्षानुवर्षं सांगत आलीत की नुसत्या फेरफारानं मालकी ठरत नाही. कोणीतरी वर्दी देतो, तलाठी लिहितो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही की सर्कल ऑफिसर सही करतो. ज्यानं वर्दी दिली त्याचं म्हणणं त्या दिवशी लिहिलं गेलं, एवढंच त्यातून नक्की कळतं.

आत्या : आणि चावडीवरची नोटीस बाया कधी वाचणार? आम्ही चावडीसमोरून डोक्यावर पदर घेऊन जायचो.

मी : म्हणूनच हरकती आल्या नाहीत. ‘मुदतीत हरकत नाही’ हे वाक्य मी किमान चाळीस ठिकाणी वाचलंय. आज पहिल्यांदा कळलं की ते गप्प बसवलेल्या माणसांचंही वाक्य असू शकतं.

आत्या : हे लिहून ठेव.

मी : लिहितो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीत सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला शेतकऱ्यांना सांगितलं होतं. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचंही नाव लागतं. पुढच्या माणसाला आई शोधायला ‘कोम’ वाचावं लागणार नाही.

आत्या : पुढच्यांचं होईल. मागच्यांचं तू कर. तुझ्या त्या वंशावळीच्या झाडात मुली आहेत का?

मी वंशावळीचा कागद उलगडला. सात पिढ्या, बासष्ट पुरुष. माझी सोडली तर मुलगी एकही नव्हती. दाखल्यासाठी बापाकडून बापाकडे जाणारी रेषा पुरते, आणि मी तेवढीच काढली होती. आत्या काही म्हणाली नाही. तिनं एका सातबाऱ्यावर बोट ठेवलं.

आत्या : हा रकाना कशाचा? इथं काहीच लिहिलं नाही.

मी : ‘शेताचे स्थानिक नाव’. हा प्रत्येक सातबाऱ्यावर असतो आणि बहुतेक ठिकाणी रिकामा असतो. तलाठ्याचं काम नंबरानं भागतं.

आत्या : याचा नंबर काय?

मी : हाच तो छोटा. आपला मूळचा. पंधरा गुंठे.

आत्या : अरे, ही म्हातारीची पट्टी! आम्ही सगळे हेच म्हणायचो. ‘म्हातारीच्या पट्टीत आवण टाकलं का?’ का म्हणायचो ते कधी कळलं नाही. शेजारची ती चिंचेखालची, पलीकडे नाल्यावरची, आणि हे मोठं दिसतं ना ते खळ्याचं खाचर.

मी : आत्या, १९१९ च्या फेरफारातला नंबर हाच आहे. अ.पा.क. आजी. तीन पोरं पदरात घेऊन तिनं ही पट्टी बारा वर्षं कसली. वहीत तिला कंस झाला, पण शेतानं तिचं नाव सोडलं नाही.

आत्या : म्हणजे म्हातारी म्हणजे आमची म्हातारी.

मी : कागद नसता तर तुला हे कळलं नसतं.

आत्या : आणि मी नसते तर तुला तो रकाना भरता आला नसता.

त्या दुपारी आमच्या वादाचा निकाल असा लागला. एरवी कोण जिंकलं ते सांगता येणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. म्हातारीच्या पट्टीवर आज गोदाम आहे. खळ्याच्या खाचरात कंटेनर उभे राहतात. चिंच रस्त्यात गेली. ती नावं आत्याच्या पिढीपाशी आहेत, आणि ती पिढी आता पंचाहत्तरीच्या पुढं आहे.

मी वंशावळ पुन्हा काढली आहे. तिच्यात मुली आहेत, सुना त्यांच्या माहेरच्या गावासह आहेत, आणि आमच्याकडे आवणीला येणाऱ्या कातकरी घरांची आत्याला आठवतात तेवढी नावं शेवटच्या पानावर आहेत. आत्याच्या हक्कसोडपत्राच्या नकलेला तिचं म्हणणं तिच्या शब्दांत जोडून ठेवलं आहे.

जुने कागद काढायला निघालेल्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. फेरफाराचे नंबर धरून मागं जाताना वाटेतलं एकही अक्षर वगळू नका, अ.पा.क., ए.कु.मॅ., कोम, साधे कूळ या चार-दोन अक्षरांत अख्खी माणसं दडलेली असतात. प्रत्येक नोंदीला विचारा, ही वर्दी कोणी दिली आणि त्या दिवशी चावडीवर कोण नव्हतं. पण रेकॉर्ड रूमच्या रांगेत उभं राहण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी जाऊन बसा. जाताना सातबारा बरोबर न्या आणि ‘शेताचे स्थानिक नाव’ हा रिकामा रकाना तिच्याकडून पेन्सिलीनं भरून घ्या. कागद पुढच्या वर्षीही मिळेल.